पालींसाठी एकशेतेरावा सौना

आमच्या ईसाल्मी गावाच्या आसपास कुणाच्या घरी शनिवारी सौन्यात, म्हणजे लाकडी वाफेच्या खोलीत, बसायचा योग आला, तर दाराच्या चौकटीकडे नीट बघा. डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, लाकडात डागलेली दोन अक्षरं दिसतील. ए. हु. म्हणजे एन्सिओ हुक्कानेन. म्हणजे मी. चाळीस वर्षांत एकशेबारा सौने बांधले आणि एकाचीही तक्रार आली नाही. एकदा एक पाद्रीबुवा म्हणाले होते की वरच्या बाकावर फार भाजतं, पण ती मी तक्रार धरत नाही, कौतुक धरतो.

त्यामुळे मार्चमध्ये आमची सून ओना म्हणाली, "सासरेबुवा, आम्ही आठ महिने नॉर्वेला चाललोय. माझ्या पाली कुणाकडे तरी ठेवायच्यात, पण त्यांना नीट जागा असेल तिथेच ठेवीन," तेव्हा मला हसूच आलं. पालीला जागा! मी अख्ख्या नगरपालिकेला घाम फोडलेला माणूस.

पाली म्हणजे भिंतीवर पळतात त्या नव्हेत. या वाळवंटातल्या. पिवळ्या, अंगावर काळे ठिपके, शेपटी गाजरासारखी जाड, आणि चेहऱ्यावर कायम हसू. एक मार्त्ता, दुसरी रूसिना.

खरं सांगायचं तर मला पालींचं काही पडलं नव्हतं. पण ओना पुढे म्हणाली होती, "ज्यांच्याकडे पाली, त्यांना मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करणार. मला त्या दिसल्याच पाहिजेत." आता माझा मुलगा आर्त्तू फोनवर दोनच शब्द बोलतो, 'बरं' आणि 'मग'. त्यातही दोन्ही एकाच फोनमध्ये आले तर मी कॅलेंडरवर खूण करतो. बायको, क्युल्लिक्की, गेल्यापासून या घरात सगळ्यात जास्त बोलतो तो हवामानाचा रेडिओ. ओना मात्र बोलकी पोर. पाली बघायला फोन करील, पण फोन धरायला कुणीतरी लागणारच ना? तो मी असायला हवा होतो. मला ते रविवार हवे होते.

आणि आडवा आला आमचा व्याही.

रैमो, ओनाचा बाप, इलेक्ट्रिशियन. त्याने दुसऱ्याच दिवशी दुकानातून तयार काचपेटी आणली, तापमान आपोआप सांभाळणारी. फोन करून मला म्हणाला, "बटण दाबलं की झालं, व्याहीबुवा. तू कशाला म्हातारपणी रंधा मारत बसतोस?"

"विकतचा सौना आणि विकतची अक्कल एकाच खोक्यातून येतात," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

ओनाने तोडगा काढला. बुधवारी पाली माझ्याकडे आणून सोडेल, शनिवारी बापासोबत येऊन तपासेल. पटलं तर राहतील, नाही तर रैमोकडे. जाताना हातात एक कागद दिला. 'गरम बाजू एकतीस अंश. थंड बाजू चोवीस. एक ओलसर लपायची जागा.' खाली अजून बरंच काही होतं. पण एकतीस अंशांसाठी मी कागद वाचत बसू? ऐंशी अंशांखाली मी कधी कामच केलेलं नाही. कागद हत्यारांच्या पेटीत टाकला आणि कामाला लागलो.

काय चीज बनवली म्हणून सांगू! अस्पेनचं लाकूड, एक खिळा बाहेर दिसेल तर शपथ. आत तीन बाक, पायऱ्यांसारखे. सगळ्यात वर दगडगोट्यांची छोटीशी रास आणि तिच्यामागे गरम दिवा. उष्णता वर चढते हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ज्याला जास्त हवी त्याने वर बसावं, कमी हवी त्याने खाली. वरच्या बाकावर मोजलं तर एकतीस. ओलाव्यासाठी रोज संध्याकाळी गोट्यांवर चमचाभर पाणी. आणि हवेसाठी दोन झरोके, एक वर, एक जमिनीलगत. झरोक्याशिवाय सौना गुदमरतो. खाण्यासाठी आत डबाभर जिवंत रातकिडे सोडले. चौकटीवर ए. हु. डागलं आणि पेटी नेऊन ठेवली माझ्या खऱ्या सौन्याबाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत. त्या पेटीपुढे मी अर्धा तास नुसता उभा होतो. इतकं देखणं काम मी गिऱ्हाइकासाठीसुद्धा केलं नव्हतं.

पाली मात्र वर चढेनात. बुधवार गेला, गुरुवार गेला, दोघी तळाच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसलेल्या. खाणं नाही, हालचाल नाही. मी म्हटलं, लाजत असतील. नव्या माणसाशी बोलायला मला स्वतःला सात वर्षं लागतात. उचलून वरच्या बाकावर ठेवल्या, तर धपकन उतरून परत कोपऱ्यात. शुक्रवारी वाटलं, हवा कोंदट होत असेल. म्हणून खालचा झरोका चांगला तीन बोटं उघडला.

शनिवारी दुपारी पाहुणे यायचे म्हणून सौन्याची भट्टी पेटवली, लाकडं आत नेली, बाहेर आलो आणि पेटीत डोकावलो. पेटी रिकामी होती. मार्त्ता नाही, रूसिना नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

 लाकडं नेताना वाफेच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवलं होतं. आत भट्टी तापतेय आणि या दोघी थंडीने कुडकुडलेल्या. उबेकडे जाणार नाहीत तर कुठे जातील? बूट झटकले, कोटांचे खिसे तपासले, टोपल्या उलट्या केल्या. वाफेच्या खोलीत शिरणार, तेवढ्यात बेल. रैमो ठरल्या वेळेच्या पाव तास आधी येतो. हा त्याचा एकच दुर्गुण मी लोकांना सांगतो, बाकीचे पोटात ठेवतो.

मी पेटीवर टॉवेल टाकला.

"कुठायत माझ्या बाया?" ओनाने आल्या आल्या विचारलं.

"झोपल्यात. दिवसा झोपतात ना त्या."

"अरे वा, अभ्यास केलात की सासरेबुवा." ती खूश झाली. "मग सौना झाल्यावर बघू."

शनिवारी पाहुण्याला आधी सौना आणि मग बाकीचं जग, ही पद्धत ज्या कुणी पाडली त्याचे मी त्या क्षणी पाय धरले असते. ओना कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन स्वयंपाकघरात बसली. आम्ही दोघे व्याही कपडे उतरवून आत गेलो.

रैमो थेट वरच्या बाकावर. मी खालच्या बाकाखाली.

"काय शोधतोयस?"

"खिळा."

"तू तर म्हणतोस तुझा खिळा कधी दिसत नाही."

"म्हणून तर शोधतोय."

त्याने पळीभर पाणी गोट्यांवर ओतलं. वाफ फुसकन उठली. अडुसष्ट वर्षांचा नागडा माणूस बाकाखाली ओणवा, तोंडात बॅटरी, पाठीवर वाफ. मी मनातल्या मनात मार्त्ताला हाका मारत होतो. पाली गेल्या तर रविवार गेले, एवढंच डोक्यात फिरत होतं. एवढ्यात भिंतीतून आवाज आला. क्रिर्र, क्रिर्र.

रैमोची पळी थांबली. "एन्सिओ, तुझ्या सौन्यात रातकिडा?"

"हो," मी बाकाखालून म्हणालो.

"माझ्या आजीच्या सौन्यात गायचा," तो हळूच म्हणाला. "त्यानंतर कुठे ऐकला नाही. लेका, नशीबवान आहेस."

एरवी या वाक्यावर मी वर्षभर जगलो असतो. आता मला फक्त रैमो तिथून जायला हवा होता. आणि तो उठला. "अंगावर पाणी घेऊन येतो," म्हणत बाहेर न्हाणीत गेला.

पुढचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. सहा फुटी माणूस, आयुष्यभर उघड्या तारांशी खेळलेला, आणि ओरडला तो असा की रातकिडे गप्प झाले. मी धावलो. ओनाही कॉफी टाकून धावत आली. न्हाणीच्या कोपऱ्यात मी लाकडी बादली नेहमी निथळायला पालथी घालतो. ती बादली आता रैमोने मानमर्यादेसाठी पुढ्यात धरली होती. आणि ती होती तिथे फरशीवर मार्त्ता आणि रूसिना, पोट टेकून, पाय पसरून, तेच जुनं हसू हसत. मार्त्ताच्या तोंडातून रातकिड्याचा एक पाय बाहेर होता.

मी टॉवेल गुंडाळला. दारामागे आणखी एक होता, तो रैमोकडे फेकला.

ओना मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. तिने खिशातून तापमान मोजायचं यंत्र काढलं आणि फरशीवर रोखलं. "इथे एकतीस." दाराकडे सरकली. "इथे चोवीस." रैमोने खाली ठेवलेल्या बादलीत हात घातला. "आत ओलसर. आणि खाल्लंही आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. "पोटाला खालून ऊब, अगदी हवी तशी. सासरेबुवा, तुम्ही यांना मुद्दाम इथे सोडलंत?"

मी गप्प राहिलो. आमच्या भागात गप्प राहणं म्हणजे होकार, आणि वर विनयसुद्धा. रैमो फरशीकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग पुन्हा फरशीकडे. कारण त्या फरशीखालची गरम तार नऊ वर्षांपूर्वी त्यानेच टाकली होती.

मी त्याच्याकडे असं विनवणीने पाहिलं, जसं मी आयुष्यात कुणाकडे पाहिलं नाही. त्याने बराच वेळ टॉवेलची गाठ सारखी केली.

"सॉसेज भाजायला घेऊ का?" तो शेवटी म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या बाकीच्या दुर्गुणांपैकी चार मी माफ केले आहेत.

पाली राहिल्या. अर्ध्या न्हाणीला मी अस्पेनचं बुटकं कुंपण घातलंय. दुसऱ्या अर्ध्यात मी एका पायावर उभं राहून अंग धुतो. तीन बाकांच्या पेटीत रातकिडे राहतात, आणि वरच्या बाकावर बसतात, हे मी आवर्जून सांगतो. फक्त एक झालं. निघण्याआधी रैमो एकटाच न्हाणीत गेला होता, आणि पुढच्या रविवारी मला दिसलं की पालींच्या डोळ्यांसमोरच्या फरशीवर, न पुसल्या जाणाऱ्या शाईने, त्याने स्वतःची दोन अक्षरं लिहिलीत: रै. को.

तेव्हापासून दर रविवारी कॉल सुरू झाला की मी डावा पाय त्या अक्षरांवर ठेवून बसतो. ओना तासभर बोलते. पालींबद्दल पाच मिनिटं, बाकी नॉर्वेच्या माशांबद्दल, आर्त्तूच्या घोरण्याबद्दल, मी काय जेवलो त्याबद्दल. पाचव्या महिन्यात ती म्हणाली, "सासरेबुवा, जरा पाय सरकवा. मार्त्ताची शेपटी दिसत नाही."

"पाय आखडलाय."

"सरकवा हो. खाली काय लिहिलंय ते मला बाबांनी कधीच सांगितलंय. आणि त्यांनी ती तार टाकली तेव्हा फरश्या मीच कापून देत होते."

मी पाय सरकवला. थोडा वेळ आम्ही चौघेही त्या अक्षरांकडे बघत बसलो, दोन पाली धरून.

"मग तेव्हाच रैमोकडे का नाही नेल्यास?"

"बाबांकडे बोलायला आई आहे," ती म्हणाली.

 मी मार्त्ताच्या पाठीवरून बोट फिरवलं, आणि माझं नाक वाहायला लागलं ते न्हाणीतल्या ओलाव्याने, हे मी इथे स्पष्ट करतो.

"बरं, एक सांगा," ओना म्हणाली. "मी दिलेला कागद तरी वाचला होतात? त्यात चौथ्याच ओळीत लिहिलं होतं की या पाली वर चढत नाहीत."

मी गप्प राहिलो. आणि या वेळी, चाळीस वर्षांची इज्जत पणाला लागलेली असताना, माझ्या गप्प बसण्याचा तिने बरोबर अर्थ लावला.