माल आणि बारदाना

"परदेशी गिऱ्हाईक म्हणजे काय वाघ आहे का?" मार्तंड सर म्हणाले. "ज्यांना इंग्रजी येत नाही ते फसतात. मला कोण फसवणार?"

लातुरात मार्तंड सरांच्या इंग्रजीला तोड नव्हती आणि मागणीही नव्हती. गावात गल्लोगल्ली क्लास निघाले, फिजिक्सवाल्यांनी मजल्यावर मजले चढवले, बायोलॉजीवाल्यांचे फोटो चौकाचौकात झळकले. पण डॉक्टर व्हायच्या परीक्षेत इंग्रजीला मार्क नाहीत, म्हणून सरांच्या क्लासात सात पोरं होती आणि त्यातली दोन नात्यातली. त्यांची स्वतःची लेक मनस्विनी तीच परीक्षा पुन्हा द्यायची म्हणत होती. तिच्या क्लासची फी आपल्या क्लासमधून काढायची म्हणजे चमच्यानं विहीर उपसायची, हे सरांनाही कळत होतं.

म्हणून सरांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, कपाटातून सुरई काढली. बिदरी कामाची, काळीशार, अंगावर चांदीची वेल. त्यांच्या आईला लग्नात मिळालेली. कुसुमताईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात घराचा ढिगारा झाला, आई गेली, आणि आठव्या दिवशी भावाला दगडामातीत ही सुरई सापडली. माहेर म्हणून तेवढीच उरली. चोवीस वर्षं त्यांनी ती कुणाला पुसूसुद्धा दिली नव्हती.

"पोरीसाठी विका," त्या म्हणाल्या. "पर चांगल्या घरी जाऊ द्या."

सरांचा जुना विद्यार्थी संघपाल कॉलेजजवळ ऑनलाइन सेवा केंद्र चालवायचा. त्यानं फोटो काढून सुरई एका वेबसाइटवर विक्रीला टाकली. नवव्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या पीटर नावाच्या माणसाचा निरोप आला. त्याला सुरई फार आवडली होती. सरांनी आधी त्याच्या निरोपातल्या व्याकरणाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मग भाव सांगितला. पीटर भला माणूस. त्यानं चुकाही मान्य केल्या आणि भावही.

पैसे खात्यात आले तसा संघपाल म्हणाला, "सर, जरा दमानं घ्या. माल त्याच्या हातात पडंपर्यंत पैशाला हात लावू नका. तिकडून तक्रार गेली की वेबसाइटवाले पैसे माघारी वढतेत."

"तक्रार कशाची करणार? माझ्या इंग्रजीची?" सर म्हणाले, आणि त्याच दुपारी मनस्विनीची वर्षाची फी भरून आले. फी परत मिळणार नाही, असं पावतीवर छापलेलं होतं. ते इंग्रजीतच होतं, त्यामुळे सरांना समजलं आणि आवडलंसुद्धा.

मग पार्सल. सरांनी कापूस, जुने पेपर, थर्मोकोल असं सुरईला बाळंतिणीसारखं गुंडाळलं. फॉर्मवर प्रश्न होता, आत खाण्याचा पदार्थ, बी-बियाणं आहे काय? सरांनी टपोऱ्या अक्षरात 'नाही' लिहिलं, खाली सही ठोकली आणि पार्सल रवाना केलं.

दोन आठवड्यांनी तिकडच्या सरकारी खात्याचं पत्र ईमेलनं आलं. पार्सल अडवलं होतं. सरांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि स्वयंपाकघरात गेले.

"कुसुम, सुरईत सॉर्घम कुठून आलं?"

"कोण सॉर्घम?"

"ज्वारी."

"मग ज्वारी म्हणा की. मीच घातली. पसाभर ज्वारी, हळकुंड अन् सुपारी."

"अगं, पण का?"

"का म्हणजे? भरलं भांडं आपल्याकडं आलं तर आपण रिकामं माघारी देतो का? अन् ही तर कायमची चालली होती. तुम्ही खोका आणायला गेलात तवा घातली. भावाच्या शेतातली हाय, किडकी न्हाई."

सरांनी डोकं धरलं. बायकोवर चिडावं तर तिनं पाप काय केलं होतं? परक्या घरी चाललेल्या आपल्या वस्तूची तिनं ओटी भरली होती. चिडायचं राहून गेलं.

पत्रात तीन पर्याय दिले होते. पार्सल स्वखर्चानं परत मागवा. किंवा स्वखर्चानं औषध मारून घ्या. किंवा 'गुड्स' नष्ट करू द्या, त्याला खर्च नाही.

आता सरांचे वडील लातूरच्या अडतीत तीस वर्षं मुनीम होते. त्या घरात 'गुड्स'ला मराठीत एकच शब्द, माल. आणि माल म्हणजे धान्य. ज्यात धान्य येतं ते पोतं म्हणजे बारदाना. बारदान्याचं वजन वेगळं धरतात, माल ओतून घेतला की बारदाना ज्याचा त्याला देतात. हे लातुरात शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा गुड्स म्हणजे ज्वारी. ती खुशाल जाळा! आणि सुरई तर पीटरला पोहोचती होणार, कारण बारदाना कुठं कोण जाळतं?

सरांनी तिसऱ्या पर्यायावर खूण केली. संघपालला विचारावं असं क्षणभर वाटलं होतं, पण विद्यार्थ्याला इंग्रजी विचारायचं म्हणजे काय? त्यांनी खाली तत्पर सेवेबद्दल सुंदर भाषेत आभार मानले.

महिना गेला. पीटरनं वाट पाहिली, विचारणा केली, शेवटी तक्रार केली. वेबसाइटवाल्यांनी पैसे माघारी ओढले आणि फीत गेलेली रक्कम सरांच्या नावावर बाकी दाखवली. सर तणतणत सेवा केंद्रात गेले आणि पत्रव्यवहार टेबलावर आपटला. संघपालनं तो खालपर्यंत वाचला आणि हळूच म्हणाला, "सर, ही खूण कुणी केली?"

"मी. का?"

"गुड्स म्हणजे अख्खं पार्सल हाय सर. सुरईसकट."

सरांनी पत्र ओढून घेऊन तो शब्द पुन्हा वाचला. संघपालनं तिथल्या तिथं अर्ज टाकला, थांबा म्हणून कळवलं, दोन ठिकाणी फोन लावून दिला. सर फोनवर एवढं अचूक इंग्रजी बोलले की पलीकडच्या बाईनं ते फार सुरेख बोलतात असं सांगितलं. त्यानंतर तिनं प्रमाणपत्र पाठवून दिलं. काम वीस दिवसांपूर्वीच झालं होतं.

ते कागद घेऊन सर घरी आले तेव्हा कुसुमताई आणि मनस्विनी ओसरीत शेंगा फोडत होत्या. सर खाली बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं." हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं, त्यामुळे दोघींचेही हात थांबले.

सरांनी सगळं सांगितलं. पैसे गेले, ते आता कुठून तरी उभे करून द्यावे लागतील, हेही सांगितलं. फक्त सुरईचं काय झालं ते सांगायचं टाळलं. "तिकडच्या सरकारनं कळवलंय," एवढंच म्हणून त्यांनी कागद पुढं केला.

कुसुमताईंनी हात पदराला पुसले आणि कागद घेतला. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षरं लावत लावत त्यांनी एका ओळीत सुरईचं वर्णन ओळखलं, कारण तिथं 'सिल्व्हर' लिहिलं होतं. त्याच्यापुढच्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय? डिस्... डिस्ट्रॉइड. म्हणजे काय हो?"

एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मार्तंड सरांना त्या शब्दाचा मराठी अर्थ सांगता येईना. शेवटी तो मनस्विनीनं सांगितला.