सुदानी तलवारीचं वय

आफ्रिकेतल्या जुन्या शस्त्रांतलं पाटसच्या ज्ञानदेव आप्पांना जेवढं कळतं, तेवढं खुद्द आफ्रिकेतही कुणाला कळत नसेल, असं आप्पांचं प्रामाणिक मत होतं. साखर कारखान्यात फिटर असताना ते पाच वर्षं सुदानच्या कारखान्यावर राहून आले होते, आणि येताना तिकडची एक सरळ, दुधारी तलवार घेऊन आले होते. ती बैठकीच्या भिंतीवर लटकत असे.

शिरूरचे व्याही जयसिंगराव मात्र आले की तिच्याकडे बघून एकच बोलत, "ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची दिसती."

हे आप्पांच्या फार जिव्हारी लागलं होतं. त्यांनी पुण्याहून जुन्या शस्त्रांच्या जाणकार अनुपमा मॅडमना बोलावलं आणि त्याच दिवशी व्याह्यांनाही जेवणाचं आवतण धाडलं. एकदाच काय ते चारचौघांत होऊन जाऊ दे.

आता एवढी मोठी बाई येणार, तर तिला गंजलेली तलवार कशी दाखवायची? कारखान्यात गंजके नटबोल्ट उसाच्या मळीत बुडवून ठेवत, ते पंधरा दिवसांत नव्यासारखे निघत. आप्पांनी तलवार मळीच्या पिंपात उभी केली. बाहेर आली ती अशी लखलखीत, की आप्पांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, तिच्यात बघून कुंकू नीट केलं.

तेवढ्यात सून सृष्टी मोबाईल घेऊन आली. "मामा, ह्यात लिवलंय, जुन्या हत्याराचा काळपटपणा घालवायचा न्हाई. त्याच्यावरनंच वय कळतंय."

मॅडम यायला आठ दिवस होते. मग पुन्हा गंज चढावा म्हणून आप्पांनी मीठ चोळलं, लिंबं पिळली, पण तलवार कोवळीच दिसे.

"उकिरड्यात पुरा," धुरपदाबाई म्हणाल्या. "माझी विळी तिथं चार दिसांत गंजली हुती."

आठव्या दिवशी तलवार उकरली, तेव्हा ती थेट महाभारतातून आल्यासारखी दिसत होती. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी मॅडम आणि व्याही आले. मॅडमनी पात्यावरच्या लांब खाचा चाचपल्या, चंद्रकोरीचे शिक्के भिंगातून पाहिले, पातं वाकवून सोडलं. जयसिंगराव मिशीत हसत होते.

"हा गंज कुठला?" मॅडमनी विचारलं.

"सुदानचा," आप्पा ठामपणे म्हणाले. "शंभर वर्सांचा."

मॅडमनी मुठीच्या कातड्यातून चिमट्यानं कडब्याची एक काडी ओढून काढली आणि नाकाशी नेली. "सुदानात म्हशी पाळतात का?"

आप्पांच्या सुदानच्या गोष्टी साऱ्या गावाला पाठ होत्या. त्यांत म्हैस कधीच आली नव्हती.

"क्वचित," आप्पा म्हणाले.

मॅडमनी शांतपणे एक कागद लिहून आप्पांच्या हातात ठेवला. "तलवार अस्सल आहे, आप्पा. शंभर वर्षं सहज झाली असतील."

आप्पांची छाती फुगली. कागद न वाचताच त्यांनी तो जयसिंगरावांपुढे धरला. "घ्या पाव्हणं. मोठ्यानं वाचा."

जयसिंगरावांनी चष्मा लावला. "तलवार अस्सल. गंज आठ दिवसांचा. मालकाने दिलेल्या कोणत्याही माहितीवर विसंबू नये."

जयसिंगरावांनी कागदाची नीट घडी घातली.

"तलवार खरी निघाली, मान्य," ते म्हणाले. "ह्याची तेवढी एक झेरॉक्स द्या मला."