निव्वळ गोटा

आमच्या नालवाडीतली कुत्री वामनकाकांना पाहिलं की गल्ली बदलतात. हा माणूस उचलतो तो प्रत्येक दगड आपल्यासाठीच, असा त्यांचा समज आहे. काका मात्र आदिमानवाची हत्यारं शोधत असतात.

समुद्रपूरच्या बसवर ते कंडक्टर होते. टायर पंक्चर झाला की प्रवासी कपाळाला हात लावत आणि काका खुशीत नाल्यात उतरत. टायर बदलून झाला तरी घंटी मारणारा नाल्यातच.

त्यांची परीक्षा एकच. दगड उजव्या मुठीत धरायचा, डोळे मिटायचे. बसला तर हत्यार, नाही तर "गोटा हाय निव्वळ." हा निकाल दगडांपुरता राहत नाही. नवा सरपंच, माझा जावई, माझ्या हातचे पोहे, सगळे निव्वळ गोटा. जावयाचं मी ऐकून घेतलं, पोह्यांचं नाही.

मागल्या वर्षी मी शेजारच्या माझ्या अंगणात टाकायला मुरूम मागवला. काका ढिगावर जे बसले ते दोन दिवस. मजूर फावडं घेऊन ताटकळतोय आणि हे एकेक खडा धरून डोळे मिटून राह्यले. शेवटी मीच ओरडले, "काका, मले अंगण करायचं हाय, उत्खनन नाई."

सुमनकाकू गेल्यावर तर भांड्यांची फळीही दगडांनी भरली. प्रत्येकाखाली चिठ्ठी. शोधणारा: वामन. शोधणारा: वामन.

परवा नागपूरहून प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे. जन्मभराच्या शोधाचा निकाल होता. बाईंनी सगळे दगड पाहिले आणि हळूच सांगितलं, हे नदीनं घासलेले आहेत, माणसानं घडवलेला यात एकही नाही. काका खाली बसले. मला पोह्यांचा राग विसरून फार वाईट वाटलं.

चहाला आलं ठेचावं म्हणून मी ओट्यावरचा काकूंचा दगड घेतला. बाईंनी तो दारातूनच पाहिला आणि मागून घेतला. उलटसुलट केला, उजव्या हातात धरला, मग डाव्या. डाव्यात तो चपखल बसला. कडेच्या कपच्या मुद्दाम पाडल्यात, म्हणाल्या, ही लाखो वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड आहे. कोणाला सापडली?

काकांनी दगड बाईंच्या हातातून घेतला.

"तिले. रोहण्याच्या वावरात, लग्नाच्या वर्षी. मले म्हणे, पाहा बरं, हातात किती चांगला बसते."

काकू डावखुऱ्या होत्या. काकांनी तो उजव्या हातात धरून पाहिला होता. पुढं काकूंनी जन्मभर त्यानं लसूण ठेचला, पण हा विषय पुन्हा काढला नाही.

बाई गेल्यावर काकांनी कोरी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली. मी लिहिलं, शोधणारी: सुमन.

"खाली अजून एक ओळ लिही," काका म्हणाले. "गोटा म्हणणारा: वामन."