एका खिडकीचं प्रॉडक्शन

बाळंतपणासाठी माहेरी जाताना तेजरामच्या बायकोने, मथुराने, एकच गोष्ट मागितली होती. "चुलीपाशी एक खिडकी पाडून ठेवजा. लेकराच्या डोळ्यात धूर नाही गेला पाह्यजे."

एवढंच हो! पण पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला लहान काम सुचतं कुठे? खुर्सीपार वस्तीतलं ते जुनं मातीचं घर अख्खंच सुधारायचं त्याने मनावर घेतलं. सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर नकाशा काढला. मधली भिंत पाडून कारखान्याच्या क्वार्टरसारखा हॉल, आणि चुलीमागच्या भिंतीत ऐसपैस खिडकी. चार महिने नकाशाच चालला. मग पत्र आलं, मथुरा उद्या तीनच्या गाडीने येते.

तेजरामची नेमकी सकाळपाळी. रजा मिळेना. रातपाळीचा भैयालाल त्याच्याच गावचा. तो म्हणाला, "तू बिनघोर ड्युटीवर जाय. सकाळी सुटलो का मधली भिंत अन् खिडकी, दोन्ही करून टाकतो."

भैयालाल चार गडी घेऊन आला. नऊपर्यंत मधली भिंत आडवी. खिडकीपाशी मात्र सगळे थबकले. "वयनी घरी नाही, अन् तिच्या चुलीले हात लावाचा? ना बाप्पा!" असं म्हणून ते झोपायला गेले.

दहाला हिरालाल मदतीला आला, आपल्या पाळीचे गडी घेऊन. दोन वाजता भट्टीवर तेजरामला सोडवायचं होतं ते यानेच. त्याने पडलेली भिंत पाहिली आणि त्याचं पित्त खवळलं. कारखान्यात कोणत्या पाळीने किती माल काढला ते फळ्यावर लिहायचे, तो रोग सगळ्यांनाच जडला होता.

"रातपाळीनं एक पाडली? मंग आपली पाळी मांगं राह्यते का?"

छपराचे कवेलू उतरले, त्याखालच्या लाकडी बल्ल्या उतरल्या, एकामागून एक तीन भिंती बसल्या. चुलीच्या भिंतीला तेवढे यांनीही हात जोडले.

इकडे दोन वाजले, तीन वाजले. बदली माणूस आल्याशिवाय भट्टी सोडता येत नाही. स्टेशनावर मथुरा लेकराला घेऊन उतरली असेल, या विचाराने तेजराम सारखा गेटकडे बघत होता. चारला हिरालाल उगवला, नखशिखांत मातीने माखलेला.

"कुठं मेला होता बे?"

"तुयाच घरी! गड्या, रेकॉर्ड तोडला आपल्या पाळीनं. तीन भिंती!"

"तीन? अन् खिडकी?"

"वयनी नसतानी चुलीले कोन हात लावते बे?"

तेजराम घराकडे धावत सुटला. मथुरा स्टेशनावरून एकटीच येऊन ट्रंकेवर बसली होती, मांडीवर लेकरू. समोर एकटी चुलीची भिंत.

"चुकलो मी, मथुरे," तो म्हणाला. "नकाशाच्या नादी लागलो. तुयं ऐकलं असतं तं बरं झालं असतं."

वारा सुटला होता, लेकरू रडायला लागलं. भिंतीच्या आडोशाने तिने चूल पेटवली आणि पाणी गरम करायला ठेवलं. तेजरामला ते बघवेना. निदान मागितलेलं तरी द्यावं म्हणून त्याने भिंत पाडायची लोखंडी सब्बल उचलली आणि भिंतीवर उगारली.

"खबरदार!" मथुरा ओरडली. "तेवढीच राह्यली हाये. चूल इझन माही!"

"पण तूच तं खिडकी मांगतली होती..."

"मांगतली होती," ती म्हणाली. "तवा घर होतं."