नानांची राहिलेली शिवी

आमचे शेजारी आनंदनाना रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर शिवी खायला जातात आणि हिरमुसून परत येतात.

कोल्हापुरात शिवी मिळत नाही म्हणजे कमालच. इथे जिवलग मित्राची चौकशीही शिवीनेच सुरू होते. पण नानांना हवी असते ती गौराक्काची. ही गौराक्का कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढते, आणि हात चालू असताना म्हशीपासून आमदारापर्यंत सगळ्यांचा उद्धार करते. फक्त नाना दिसले की "या साहेब" म्हणून दुधाचा पेला पुढे करते. तेवढ्याने नाना पार खचतात.

नाना पतसंस्थेचे मॅनेजर होते. त्यांनी खोट्या कर्जांवर सह्या केल्या, संस्था बुडाली, तिच्यात गौराक्काची ठेव गेली आणि नाना तुरुंगात गेले. सुटून आले ते तुरुंगाचं कौतुक करत. जेवण वेळेवर, लाइटबिल नाही, वर योगासनं! कॉलनीतलं कुणी कुठल्या संस्थेवर निवडून आलं की नाना हार घेऊन हजर, आणि हार घालता घालता तुरुंगातल्या ढेकणांची माहिती देणार. हल्ली लोक निवडून आल्याचं त्यांच्यापासून लपवतात.

तुरुंगाची भीती नव्हती का वाटली, असं मी एकदा विचारलं.

"भ्या चोराला वाटतंय की. सही करताना मी कुठं चोर हुतो? साहेब हुतो मी."

मग चपला घालता घालता थांबले. "आत काय वाटलं न्हाई बघ. भाईर आलो, म्हटलं आक्का भर कट्ट्यावर शिव्या घालंल, मोकळा हुईन. तर तिनं दूध दिलं. घशाखाली उतरंना."

तेव्हापासून ते तिच्या म्हशींना पाणी पाजतात, शेण काढतात आणि वाट बघतात. एकदा तर मुद्दाम बादली लवंडून पाहिली. असू दे साहेब, म्हणाली.

परवा मात्र पाणी पाजायच्या नादात त्यांच्याकडून रेडकाचं दावं खरोखरच सुटलं. गिऱ्हाइकं पेले घेऊन उभी, आणि रेडकाने म्हैस पिऊन रिकामी केली.

अंधार पडता पडता नाना शेणाने माखलेल्या पँटनिशी आमच्या दारात आले. डोळे लाल. मी घाबरून काय झालं विचारलं.

"आक्कानं माझ्या सात पिढ्या काढल्या. आनंद्या म्हणाली मला."

आणि आमच्या पायरीवर बसून ते हसत हसत रडायला लागले. बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.