अच्युतरावांची बिनवायरची मशीन

सिंदी मेघेच्या अच्युतरावांनी बाथरूममध्ये दांडा बसवायला मिस्त्री बोलवायचा नाही असं ठरवलं, तिथंच खरं तर सगळं बिघडलं. त्यांचे सासरे अण्णाजी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गिरडहून महिनाभर राहायला येणार होते. आंघोळ करताना धरायला भिंतीत स्टीलचा दांडा हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भोकं चारच पाडायची होती. त्यांच्या बायकोनं, मीराबाईंनी, गुलाब मिस्त्रीला फोन लावलासुद्धा, पण अच्युतरावांनी तो मध्येच कापला. चोवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला चार भोकं पाडता येत नाहीत की काय? (चोवीस वर्षांत त्यांनी पाडलेली सगळी भोकं पंचिंग मशीननं, तीही कागदाला.)

मग त्यांनी ऑनलाइन सेलमधून बिनवायरची हिरवी ड्रिल मशीन मागवली. एवढी स्वस्त मिळाली की ऑफिसात पेढे तेवढे वाटायचे राहिले. खोकं आलं ते मात्र फारच हलकं. आत मशीन होती, सोळा भाषांतलं माहितीपत्रक होतं, बॅटरी नव्हती. मीराबाईंनी चष्मा लावून मोबाइलवर पाहिलं, तर तिथं 'ओन्ली बॉडी' असं स्वच्छ लिहिलेलं. अच्युतरावांनी त्याचा अर्थ 'बांधा मजबूत' असा घेतला होता.

अण्णाजी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होते. त्या दिवशी सकाळीच अच्युतराव शेजारच्या कैलासकडे गेले. कैलास दुकानांचे बोर्ड लावायचं काम करी आणि त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीची पिवळी मशीन होती. अच्युतरावांनी आकडे ताडून पाहिले. इकडे वीस व्होल्ट, तिकडेही वीस व्होल्ट. त्यांनी नुसती बॅटरी मागितली.

"पूरी मशीनच घेऊन जा ना, अच्युतभाऊ," कैलास म्हणाला. "हे त्याच्यात बसत नाई. कंपनी अलग आहे."

पण दुसऱ्याच्या मशीननं भोकं पाडायची तर आपली कशाला घेतली, असा अच्युतरावांचा सवाल. शिवाय हल्ली मोबाइलचे चार्जरसुद्धा एकमेकांना चालतात. दुपारी सेलूला जायचं आहे, तोवर आणून द्या, असं सांगून कैलासनं बॅटरी दिली.

ती बसेना. अच्युतरावांनी खोबरेल तेल लावलं. अर्धी गेली. मग त्यांनी मशीन ओट्यावर उलटी उभी केली आणि वरवंट्यानं एकच, अगदी हलका (त्यांच्या मते) ठोका दिला. बॅटरी खट्‌कन बसली. मशीन मात्र हूं की चूं करेना, आणि आता बॅटरी बाहेरही येईना.

दुपारी अण्णाजींचा ऑटो फाटकाशी थांबला, तेव्हा अंगणात एका टोकाला बॅटरी धरून कैलास आणि दुसऱ्या टोकाला मशीन धरून अच्युतराव, असे दोघंही पाय रोवून मागे झुकले होते. मीराबाई वडिलांना उतरवायला गेल्या, त्या नवऱ्याकडे न बघताच. अण्णाजी काठी टेकत आले आणि ती लढत थोडा वेळ मन लावून पाहत राहिले.

"जवाईबापू, हे काऊन ओढून राह्यले?"

अच्युतरावांनी व्होल्टपासून सगळं सांगितलं. अण्णाजींनी खुर्चीत बसून मशीन मांडीवर घेतली. कपाशीवर फवारणी करायच्या त्यांच्या पंपालाही बॅटरी होती, तेव्हा हा प्रकार त्यांना नवा नव्हता. त्यांनी लेकीकडून पोळ्या उलटायचा सराटा मागवला, फटीत सारला, अडकलेला खटका उचलला आणि बॅटरी अलगद काढून कैलासच्या हातात ठेवली.

कैलासनं ती आपल्या मशीनला लावली आणि चहा उकळेपर्यंत चार भोकं पाडून दांडा बसवूनही आला. अच्युतरावांनी टॉर्च धरला होता. (बाथरूममधला दिवा चालूच होता.) अण्णाजी दांड्याला धरून निवांत आंघोळ करून आले, 'पक्का आहे' म्हणाले, आणि मीराबाईंच्या जिवात जीव आला.

अच्युतरावांना मात्र चैन पडेना. त्यांनी त्याच कंपनीची हिरवी बॅटरी मागवली. या खेपेला मॉडेल नंबर तीनदा ताडला, चौथ्यांदा मीराबाईंकडून वाचून घेतला. आठ दिवसांनी खोकं आलं. बॅटरी लोण्यासारखी आत गेली. अच्युतरावांनी मुद्दाम कैलासला बोलावलं, सगळ्यांना समोर बसवलं आणि बटण दाबलं. मशीन दोन-अडीच वेळा फिरली आणि थांबली. नवी बॅटरी पूर्ण भरून येत नाही, आधी चार्ज करावी लागते, असं कैलासनं समजावलं.

अण्णाजींनी रिकामं खोकं उचललं, उलटं करून झटकलं, आत हात घालून कोपरे चाचपले.

"बसली तर बराबर हाये, जवाईबापू," ते म्हणाले. "आता हिचा चार्जर कधी येते?"