दत्तूकाकांची रानगाडी

आमच्या शेजारचे दत्तूकाका मोटारसायकलचे टायर टूथब्रशने घासतात. रोज!

गाडी साधीसुधी नाही. रस्त्यावर आणि रानातही चालावी म्हणून जपान्यांनी ज्या पहिल्यावहिल्या गाड्या काढल्या, त्यांतली एक. चिखलात शिरायला दातेरी टायर, ओढ्याचं पाणी लागू नये म्हणून वर चढवलेला सायलेन्सर. आणि हे गृहस्थ तिच्यावरून गंगापूर रोडला जाऊन मेथीची जुडी आणतात! वाटेत पाणी साचलेलं दिसलं की उतरून, कडेकडेने ढकलत नेतात.

तोंडाने मात्र सदा एकच. "डोंगर म्हंजे हिला अंगण हाय."

मी एकदा विचारलं, "मग अंगणात कधी नेणार?"

"लय घाण व्हईल रे ती." यावर कपाळावर हात मारण्याखेरीज काय करणार?

खरं कारण काकूंनी सांगितलं. काका फार वर्षांपूर्वी भाऊबीजेला निफाडजवळच्या मळ्यात बहिणीकडे, अक्कांकडे, निघाले आणि शेतरस्त्यात रुतले. मेहुण्यांनी ट्रॅक्टर लावून गाडी ओढली आणि भावकीसमोर म्हणाले, "पाव्हणं, पुढच्या टायमाला बैलगाडीनं या." झालं! तेव्हापासून गाडीला चिखल वर्ज्य आणि काकांना भाऊबीज. पुढे मेहुणे वारले, पण यांचा रुसवा टुणटुणीत. एका ट्रॅक्टरपायी सख्ख्या बहिणीला टाकणारा असला आडमुठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा दिवाळीत अवकाळीने झोडपलं. भाऊबीजेच्या दुपारी काका गेटपाशी आभाळाकडे बघत उभे.

"काय काका, गाडीला रेनकोट शिवायचा का?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "मी गेलो नाय तरी अक्का चंद्राला ओवाळायची. तेवढ्यावर भागायचं. आज ढग हटत नाय. ती ओवाळील कोनाला?"

काकू आतून ओरडल्या, "अहो, मळ्याचा रस्ता नुसता राडा असेल!" तोवर यांनी किक मारलीसुद्धा.

संध्याकाळी अक्कांचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला. बाई हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

"अगं, गाडी पार रुतली. तिथंच टाकून पायी आला. गुडघ्यापर्यंत चिखल! पोरं म्हनली, मामा, ट्रॅक्टर लावू? तर म्हनतो, राहू दे तिला. अक्का, तू आधी ओवाळ."